गाडीने स्वतःहून ब्रेक लावला, स्कॅनरमध्ये मात्र कोड नाही : अशा वेळी जबाबदारी कोणाची?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मागच्या वर्षी आम्ही घेतलेल्या गाडीत पुढच्या काचेमागे कॅमेरा आणि बंपरमध्ये रडार आहे. समोर अडथळा दिसल्यास ती स्वतःहून ब्रेक लावते. गेल्या महिन्यात साताऱ्याहून पुण्याकडे येताना, खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर, समोरचा रस्ता पूर्ण मोकळा असताना गाडीने करकचून ब्रेक लावला. मागून येणाऱ्या ट्रकचालकाने प्रसंगावधान राखून ट्रक शेजारच्या लेनमध्ये घेतला, म्हणून मागच्या सीटवर बसलेली माझी आई आणि मुलगी सुखरूप आहेत.

सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, त्यात दोषाचा कोड दिसला नाही म्हणून जॉब कार्डवर ‘तक्रार आढळली नाही’ असा शेरा मारला आणि गाडी परत दिली. सॉफ्टवेअर अपडेट केल्याचे सल्लागाराने तोंडी सांगितले. पण ते कोणते आणि कशासाठी, याचा कागदावर कोठेही उल्लेख नाही. ब्रेकचा पॅड झिजला असता तर तो मला काढून दाखवता आला असता. येथे दोष असलाच, तर तो कंपनीशिवाय कोणालाही पाहता येणार नाही अशा जागी आहे. मग तो सिद्ध करण्याचा भार माझ्यावर का, आणि कंपनीला कायद्याने उत्तरदायी कसे धरता येईल?

तारजोडणी

मी वाहनांच्या नियंत्रण प्रणालींचे सॉफ्टवेअर लिहिण्याच्या व्यवसायात आहे, म्हणून आधी ‘कोड नाही’ याचा अर्थ सांगतो. एखादा सेन्सर बंद पडला, वायर तुटली किंवा दोन भागांमधला संपर्क खंडित झाला, तर दोषाचा कोड नोंदला जातो. परंतु कॅमेऱ्याने पुलाची सावली किंवा रस्त्यावरचा डांबराचा पट्टा अडथळा समजून ब्रेक लावला असेल, तर यंत्रणेच्या दृष्टीने सगळे बरोबरच घडलेले असते. तिला अडथळा ‘दिसला’ आणि तिने ब्रेक लावला. म्हणून कोरा स्कॅनर हा निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. आपोआप ब्रेक लागल्याची नोंद अनेक गाड्यांत वेगळ्या जागी साठवली जाते आणि ती वाचण्याचे साधन बहुधा कंपनीच्या अभियंत्यांकडेच असते. वर्कशॉपमधल्या मुलाला ती दिसतही नाही.

दोष सॉफ्टवेअरमध्ये असल्यास तो बाहेरच्या माणसाला शोधणे किती कठीण असते, हे टोयोटाच्या प्रकरणात दिसले. अमेरिकेत गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी वाढल्यावर ‘नासा’च्या अभियंत्यांनी तपासणी केली आणि फेब्रुवारी २०११ मधल्या अहवालात इलेक्ट्रॉनिक्समुळे असे घडल्याचा पुरावा सापडला नसल्याचे म्हटले. त्यानंतर ओक्लाहोमातल्या एका प्राणघातक अपघाताच्या खटल्यात फिर्यादींच्या बाजूचे तज्ज्ञ मायकेल बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना टोयोटाच्या २००५ च्या कॅमरी गाडीतल्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड (सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामच्या लिहिलेल्या आज्ञा) पाहायला मिळाला, तोही कडक बंदोबस्तातल्या बंद खोलीत. मेमरीतला एखादा बिट (माहितीचा सर्वांत लहान कण) बदलला तर इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा थ्रॉटल सांभाळणारे सॉफ्टवेअरमधले काम मध्येच बंद पडू शकते आणि देखरेख करणाऱ्या यंत्रणेला ते कळतही नाही, अशी साक्ष बार यांनी दिली. कंपनीने हे अमान्य केले. पण ऑक्टोबर २०१३ मध्ये ज्यूरीने ३० लाख डॉलरची भरपाई ठरवली आणि दंडात्मक भरपाईचा निर्णय होण्याआधीच कंपनीने तडजोड केली.

येथे एक काळजी घ्यावी. २०१४ मध्ये टोयोटाने अमेरिकी सरकारला जे १२० कोटी डॉलर भरले, ते पायाखालचे मॅट आणि अडकणाऱ्या ॲक्सिलरेटर पेडलबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल होते. पुष्कळ जण ही दोन प्रकरणे एकत्र करतात आणि त्यामुळे आपली बाजू कमकुवत होते. सॉफ्टवेअरचा मूळ कोड उघडून पाहण्याचा अधिकार न्यायालयातून मिळाला, तेव्हा कुठे प्रश्न धसास लागला. माझ्या मते संपूर्ण वादाचे मर्म तेथे आहे.

एक विचारायचे राहिले: आपण पुढची काच बाहेरून बदलून घेतली होती का? काच बदलल्यावर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन (त्याची दिशा व मोजमाप पुन्हा जुळवणे) केले नाही, तरीही असे होऊ शकते.

मिशिगनकर

मी अमेरिकेत डेट्रॉइटजवळ राहतो. आपल्या प्रश्नातली मला सर्वांत गंभीर वाटणारी गोष्ट म्हणजे तोंडी सांगितलेले अपडेट. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचे (किल्लीने गाडी चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) प्रकरण याच मार्गाने चिघळले. स्विच इतका सैल होता की धक्क्याने किंवा जड किल्लीच्या जुडग्याने तो चालत्या गाडीत मागे सरकत असे. इंजिन बंद पडे, पॉवर स्टिअरिंग जाई आणि एअरबॅगही उघडत नसत. पुढे हा स्विच सुधारला गेला, पण पार्ट नंबर जुनाच ठेवला. त्यामुळे कोणत्या गाडीत जुना आणि कोणत्या गाडीत नवा आहे, हे कागदांवरून कळेना. एका मृत तरुणीच्या कुटुंबाने नेमलेल्या अभियंत्याने दोन स्विच उघडून शेजारी ठेवले आणि आतला छोटा दट्ट्या व स्प्रिंग वेगळी असल्याचे दाखवले, तेव्हा बिंग फुटले. २०१४ मध्ये गाड्या परत बोलावल्या गेल्या, भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले आणि २०१५ मध्ये कंपनीने ९० कोटी डॉलर दंड भरला.

सॉफ्टवेअरचे अपडेट गुपचूप केले, तर उघडून शेजारी ठेवायला दट्ट्यासुद्धा उरत नाही. म्हणून ऑक्टोबर २०२१ मध्ये येथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने टेस्लाला पत्र पाठवून खुलासा मागितला: सुरक्षेशी संबंधित दोष इंटरनेटवरून पाठवलेल्या अपडेटने दुरुस्त केला जात असेल, तर त्याला रिकॉल (दोषामुळे गाड्या अधिकृतपणे परत बोलावणे) म्हणून जाहीर का केले नाही? फेब्रुवारी २०२२ मध्ये तर विनाकारण ब्रेक लागण्याच्या ३५४ तक्रारींवरून टेस्लाच्या सुमारे ४ लाख १६ हजार गाड्यांची चौकशी सुरू झाली. येथे लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी कोणालाही वाचता येतात. आपल्यासारखाच अनुभव आणखी किती जणांना आला, हे ग्राहकाला कळणे ही निम्मी लढाई आहे.

तारीख पे तारीख नको

मी ग्राहक आयोगापुढे वकिली करते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादकाचे दायित्व कलम ८४ मध्ये आहे आणि सदोष रचना व अपुऱ्या सूचना या दोन्हींचा त्यात समावेश होतो. मात्र या दायित्वासाठी ‘हानी’ व्हावी लागते आणि त्या व्याख्येत खुद्द वस्तूचे नुकसान धरलेले नाही. सुदैवाने आपल्याकडे कोणाला इजा झालेली नाही, त्यामुळे आपली तक्रार सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी अशी असेल. दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे किंवा पैसे परत करणे, असे आदेश आयोग देऊ शकतो. मुदत दोन वर्षांची आहे.

दोष केवळ पाहून ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तपासणीचे शुल्क मात्र आधी तक्रारदाराला भरावे लागू शकते आणि सामान्य माणूस येथेच कच खातो. तरीही एप्रिल २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूचा आहे. दिल्ली-पानिपत महामार्गावरच्या अपघातात ह्युंदाईच्या क्रेटा गाडीच्या एअरबॅग उघडल्या नव्हत्या आणि पुरेसा जोर बसला नव्हता, असे कंपनीचे म्हणणे होते. वेग आणि बलाचे गणित मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ असण्याची अपेक्षा ग्राहकाकडून करता येत नाही, असे सांगून न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. स्वयंचलित ब्रेकलाही हाच तर्क लावता येईल, असे मला वाटते.

याशिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ११० अ खाली केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते. त्यासाठी तक्रारींची किमान संख्या लागते, म्हणून परिवहन मंत्रालयाच्या रिकॉल पोर्टलवर तक्रार नोंदवाच. अपघात झाला नाही म्हणून गप्प बसणाऱ्या प्रत्येक मालकामुळे ती संख्या गाठणे लांबणीवर पडते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काच मूळचीच आहे. पोर्टलवर तक्रार नोंदवली असून कंपनीला द्यायचे पत्र लिहीत आहे. त्यात नेमके काय मागावे?

तारजोडणी

त्या दिवसाची तारीख, अंदाजे वेळ, वेग, ठिकाण, ऊन कोणत्या बाजूला होते हे, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दिली तेव्हाचे किलोमीटर लिहा. अपडेटच्या आधीचा आणि नंतरचा सॉफ्टवेअर क्रमांक, अपडेटचे कारण आणि ब्रेक यंत्रणेत साठलेल्या घटनेच्या नोंदीची प्रत, या तीन गोष्टी लेखी मागा. डॅशकॅम असेल तर चित्रीकरण लगेच दुसरीकडे उतरवून ठेवा. ती नोंद कंपनीने काढून घेतल्याचे लेखी उत्तर येईपर्यंत कोणतेही नवे अपडेट करू देऊ नका, कारण अपडेट करताना जुनी नोंद पुसली जाऊ शकते. तोपर्यंत, आपल्या गाडीत सोय असल्यास, स्वयंचलित ब्रेकची संवेदनशीलता सर्वांत कमी पातळीवर ठेवा. यंत्रणा पूर्ण बंद मात्र करू नका, कारण खरोखर समोर कोणी आले तर तीच उपयोगी पडणार आहे.