पीएचडी प्रवेश (इतिहास, अर्धवेळ): विषय सोडू की मार्गदर्शक? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. एम.ए. होऊन बारा वर्षं झाली. नेटमध्ये (प्राध्यापकी आणि पीएचडी प्रवेशासाठीची राष्ट्रीय परीक्षा) या खेपेला 'फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र' असा निकाल आला. तो एक वर्षच चालतो आणि त्यातले पाच महिने सरले. शिवाजी विद्यापीठात अर्धवेळ करायचं ठरवलंय, पण अडकून पडले आहे.

आधी विषय सांगते. कोल्हापूरची बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग, आणि शाहू महाराजांच्या पाठबळानं कितीतरी समाजांची बोर्डिंगं उभी राहिली. महाराजांच्या धोरणावर भरपूर लिहून झालंय. मला बघायचंय ते आतलं जगणं: पोरं काय खात होती, कुणाच्या घरून काय येत होतं, आजारी पडलं तर कोण बघायचं. माझे आजोबा अशाच एका बोर्डिंगात शिकले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत हिशेबाची एक वही सापडली, जुन्या मोडी लिपीतली. सगळे शब्द एकाला एक चिकटलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. महिनाभर बसून एक पान लागलं: जोंधळे, चटणी, कंदिलाचं तेल, आणि खाली 'गावी जाणेस' म्हणून काही आणे. त्या 'गावी जाणेस'पाशी मी बराच वेळ थांबले होते. तेव्हापासून दुसरा विषय डोक्यात येतच नाही.

आता अडचण. मार्गदर्शक म्हणून दोन सरांना विचारलं. पहिल्या सरांना विषय मनापासून आवडला, पण त्यांच्या निवृत्तीला अडीच वर्षं राहिलीत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२२ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरली असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. दुसरे सर सहयोगी प्राध्यापक आहेत, पीएचडीच्या सहा विद्यार्थ्यांपैकी त्यांची एकच जागा शिल्लक आहे. घेतो म्हणाले, पण विषय 'राजर्षी शाहूंचे शैक्षणिक कार्य' असा ठेवा, साधनं सहज मिळतील. माणूस चांगला आहे, सल्लाही काळजीनंच दिलाय. पण त्या विषयात माझ्या वहीला कुठं जागा?

आधी त्यांच्या विषयावर प्रवेश घेऊन कोर्सवर्क (पीएचडीच्या सुरुवातीचा तासांचा अभ्यासक्रम) झाल्यावर, आराखडा मांडताना विषय नेमका करून घेता येतो का? असं कुणी केलंय का? की सरांना आत्ताच स्पष्ट सांगावं? मला लपवाछपवी नको आहे. एकाच बोर्डिंगावर काम केलं तर पीएचडीला पुरेल, की दोन-तीन तुलनेला घ्यावीत?

दुसरं, ना-हरकत दाखला. अर्धवेळसाठी त्यात तीन गोष्टी लागतात: शिकायला परवानगी आहे, कामातून अभ्यासाला वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक देऊ. आमचे प्राचार्य पहिल्या दोन लिहायला तयार आहेत. तिसरीवर म्हणतात, "मॅडम, तुमच्या तासांचं काय करायचं?" बारावीच्या पोरांचे तास बुडावेत असं मलाही वाटत नाही. नोकरी करून कोर्सवर्क केलेल्यांनी सांगा, तास रोज होते की शनिवार-रविवारी, सुट्टीत? ते कळलं तर प्राचार्यांपुढं कागदावर वेळापत्रकच मांडते.

आणि मोडी. पुराभिलेखागारात बसायचं तर महिन्याला एक पान या गतीनं चालणार नाही. कोल्हापुरात संध्याकाळी किंवा रविवारी शिकवणारं कुणी माहीत असेल तर जरूर कळवा. वहीची अजून त्र्याहत्तर पानं वाचायची आहेत.