मदत हवी आहे: मधुमेहींना शिकवायला इंटर्नना कसं तयार करावं? (थीसिससाठी)

नमस्कार मंडळी,

मी मराठवाड्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएमच्या (सामुदायिक आरोग्य विषयातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) पहिल्या वर्षाला आहे. थीसिसचा विषय ठरलाय, गाइड सरांचा होकारही आहे, पण सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) लिहायला बसलं की दोन-तीन ठिकाणी गाडी अडते. इथे डॉक्टर, सिस्टर, संशोधन केलेले आणि घरात शुगर असलेले, सगळेच आहेत, म्हणून विचारते.

आधी हा विषय का, ते सांगते. दिवाळीनंतर आमच्या ग्रामीण केंद्रात ओपीडीला एक मावशी आल्या. साठीच्या आसपास, बऱ्याच वर्षांची शुगर, वर्षभरापासून सुई. उपाशीपोटीची शुगर अडीचशेच्या खाली उतरतच नव्हती. केसपेपरवर डोस २० युनिटवरून ३० वर नेलेला आणि तीन वेगवेगळ्या तारखांना 'इन्सुलिनबद्दल समुपदेशन केले' असं लिहिलेलं. त्या दिवशी गर्दी कमी होती. मी म्हटलं, "मावशी, घरी कशी भरता ते जरा दाखवा." त्यांनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली काढली, दोन्ही तळहातांत अलगद फिरवली, सिरिंजचं टोपण काढलं आणि बरोबर ३० च्या रेघेपर्यंत औषध ओढलं. बुडबुडा दिसला तो टिचकी मारून घालवला. हात जरासुद्धा थरथरला नाही. फक्त टोपण नारिंगी होतं.

बाटली ४० ची (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, तिला लाल टोपणाची सिरिंज लागते), सिरिंज मात्र १०० च्या बाटलीसाठीची, नारिंगी टोपणाची. म्हणजे ३० च्या रेघेवर प्रत्यक्षात १२ युनिट. डोस २० लिहिलेला होता तेव्हा ८ जात होते. गावातल्या दुकानात लाल टोपणाची संपली होती, म्हणून त्यानं ही दिली होती आणि तेव्हापासून हीच चालू. नुसती सिरिंज बदलून 'आता ३० घ्या' म्हटलं असतं तर एकदम अडीचपट डोस गेला असता. म्हणून फिजिशियन सरांना फोन लावून डोस पुन्हा खालून सुरू केला. निघताना मावशी म्हणाल्या, "भरून दाखव असं आजवर कुणी म्हणलंच न्हाई, बाई." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्या तीनपैकी एका तारखेला लिहिलेलं अक्षर आमच्याच इंटर्नचं होतं. मुलगा चांगला आहे, मेहनती आहे. त्याला आम्ही इन्सुलिनचे प्रकार शिकवले, शिकवायचं कसं ते शिकवलं नाही.

तेव्हापासून वाचते आहे. मिशिगन विद्यापीठात रॉबर्ट अँडरसन, मार्था फनेल यांच्या गटानं १९९१ च्या सुमारास एक गोष्ट केली ती मला फार पटली. मधुमेहींना शिकवणाऱ्यांनाच आधी त्यांनी मधुमेही असल्यासारखा दिनक्रम पाळायला लावला आणि मग बोलण्या-ऐकण्याचं प्रशिक्षण दिलं. मी आठवडाभर करून पाहिलं. सकाळ-संध्याकाळ पोटावर सलाईनची सुई, बोटाला टोचून शुगर, वहीत नोंद. तिसऱ्याच दिवशी संध्याकाळची सुई राहिली, कारण ड्यूटी लांबली. पाचव्या दिवशी वहीत न तपासलेला आकडा लिहायचा मोह झाला. रुग्णांच्या वहीत ११०, ११०, ११० असं दिसलं की आपण चिडतो. ते आकडे कुठून येतात ते मला त्या दिवशी कळलं.

योजना अशी: इंटर्न आमच्या विभागात १२ आठवडे असतात. सुरुवातीला त्यांना दोन अर्धे दिवस प्रशिक्षण द्यायचं. आधी विचारायचं, मग थोडं सांगायचं, मग रुग्णाकडून करून घ्यायचं. आपसात एकानं रुग्ण व्हायचं, एकानं डॉक्टर. त्यानंतर काही उपकेंद्रांवर हे प्रशिक्षित इंटर्न आणि काही ठिकाणी नेहमीची पद्धत, अशी तुलना.

आता अडचणी. सर म्हणतात मुख्य मोजमाप एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) ठेव, परीक्षकांना तेच कळतं. मला भीती वाटते की त्यात फरक दिसणार नाही आणि 'शिकवून काही होत नाही' असा निष्कर्ष निघेल. दुसरं, इंटर्न सगळे एकाच हॉस्टेलला राहतात. एकाला शिकवलं की रात्री जेवताना दुसऱ्याला कळणारच. तिसरी अडचण भाषेची. प्रश्नावलीचा अनुवाद करून पाहिला: 'गेल्या सात दिवसांपैकी किती दिवस आपण आरोग्यदायी आहार योजनेचे पालन केले?' पहिल्याच आजोबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "म्हंजे पथ्य पाळलं का?" कोणी मराठीत असे प्रश्न विचारले असतील तर शब्द सुचवा.

प्रतिसाद १ (निवृत्त परिचारिका)

डॉक्टर ताई, वाचून बरं वाटलं. तीस वर्षं वॉर्डात काढली. इंटर्नना पहिली गोष्ट शिकवा ती पोटावर हात फिरवायची. रोज एकाच जागी टोचून टोचून तिथे गाठ होते, बऱ्याचदा डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागते. तिथे दुखत नाही म्हणून रुग्ण मुद्दाम तिथेच टोचतो आणि औषध कधी लागू पडतं, कधी नाही. जागा बदलायला लावाल तेव्हा डोसकडे लक्ष ठेवा, चांगल्या जागी तेवढंच औषध जास्त लागू पडतं.

दुसरं म्हणजे बाटली ठेवता कुठे ते विचारा. फ्रिज नाही असं सांगायला लोक लाजतात. डबीत घालून, ती डबी पाण्याच्या माठाजवळ गारव्याला ठेवली तरी उन्हाळ्यात बराच फरक पडतो. आणि फ्रिज असला तर बर्फाच्या कप्प्यात ठेवत नाहीत ना, हेही विचारा. गोठलेली बाटली टाकूनच द्यावी लागते.

शब्दांचं म्हणाल तर 'हायपोग्लायसेमिया' सोडा, 'शुगर लो' सगळ्यांना कळतं. लक्षणं विचारताना 'घाम फुटतो का, हातपाय थरथरतात का, डोळ्यापुढे अंधारी येते का' असं विचारा. एचबीए१सीला 'तीन महिन्यांची शुगर' म्हणा.

प्रतिसाद २ (संशोधन-सांख्यिकीत काम करतो)

तुमची भीती रास्त आहे. नॉरिस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अशा अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं. शिकवणं संपल्या संपल्या तीन महिन्यांची शुगर सरासरी ०.७६ टक्के अंकांनी उतरलेली होती. चार महिने किंवा त्याहून जास्त काळानं पाहिलं तर ०.२६ च उरली. पूर्ण १ अंक उतरायला रुग्णामागे २३.६ तासांचा सहवास लागतो, असा त्यांचा हिशोब. तुमचे इंटर्न एका रुग्णाला फार तर तासभर देतील.

ब्रिटनमधला डेस्मंड अभ्यास (२००८, ८२४ रुग्ण, सहा तासांचं गटशिक्षण) सरांना दाखवा. वर्षानंतर एचबीए१सीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. पण शिकलेल्या गटाचं वजन जास्त उतरलं, धूम्रपान कमी झालं आणि आजाराबद्दलची समज बदलली. तेव्हा मुख्य मोजमाप तुमच्या मावशींनी दिलंयच: सुई भरण्याच्या आणि घेण्याच्या पायऱ्यांची यादी करा, रुग्णानं करून दाखवायचं आणि कोणता रुग्ण कोणत्या गटातला हे ठाऊक नसलेल्यानं गुण द्यायचे. एचबीए१सी दुय्यम ठेवा.

हॉस्टेलच्या प्रश्नाला उपाय: एकाच बॅचची वाटणी करू नका. आधीची बॅच नेहमीच्या पद्धतीची, पुढची प्रशिक्षित. ऋतूचा आणि सणांचा फरक पडेल, तो मर्यादांमध्ये प्रामाणिकपणे लिहा. याहून भक्कम हवं असेल तर उपकेंद्रं चिठ्ठ्या टाकून वाटा, पण मग नमुना वाढवावा लागेल, कारण एका उपकेंद्रातले रुग्ण एकमेकांसारखेच असतात. आणि सीटीआरआयवर (अशा अभ्यासांची देशातली अधिकृत नोंदवही) नोंद पहिला रुग्ण घेण्याआधी. मागाहून होत नाही.

प्रतिसाद ३ (वडिलांना शुगर)

मी डॉक्टर नाही. माझे वडील वारकरी, एकादशी मोडत नाहीत. गेल्या आषाढीला जेवले नाहीत, शुगरची गोळी मात्र सकाळी न चुकता घेतली. दुपारी कपाळावर घाम, बोलणं अडखळायला लागलं. मीटरवर ५२. आईनं तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी माणसात आले. त्यांना दर महिन्याला 'गोड खाऊ नका, भात कमी करा' सांगितलं जातं. उपास करता का, हे एकाही डॉक्टरनं विचारलं नव्हतं. तुमच्या इंटर्नच्या प्रश्नांत हा एक घालाच. आणि 'सोडा' म्हणू नका, ते ऐकणार नाहीत. त्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते डॉक्टरांनी आधीच ठरवून द्यावं.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. काल सरांसमोर नॉरिस आणि डेस्मंडचे आकडे ठेवले. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पायऱ्यांची यादी करून आण." आज केली, १४ पायऱ्या झाल्या, पहिली 'बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळवणे', शेवटून दुसरी 'आज टोचायची जागा बोटांनी चाचपणे'. माठ आणि उपासाचे प्रश्न 'आधी विचारायचं' या भागात गेले. दोन बॅचचा आराखडा घेते आहे.

आठवड्याच्या प्रश्नाची एक युक्ती सापडली. 'गेल्या सात दिवसांत' म्हटलं की लोक गोंधळतात. 'मागच्या बाजारापासून या बाजारापर्यंत' म्हटलं की बोटांवर मोजून सांगतात. आमचा बाजार मंगळवारी असतो.

एकच विचारायचं राहिलं. यादीतून गुण द्यायला गटांची कल्पना नसलेलं माणूस हवं. नर्सिंग कॉलेजच्या ट्यूटर चालतील का, की रुग्ण त्यांच्यासमोर बुजतील? सिस्टर, तुमचा अनुभव काय?