उत्तर: मार खाणाऱ्यांबद्दलही बोलू

‘स्टंट कलाकारांना जोखमीचे पैसे मिळतात, मग पडद्यावर नाव कशाला?’ हे मत मला अजिबात पटलं नाही. पैसे कॅमेरामनलाही मिळतात की!

हाणामारी उभी राहते ती मार खाणाऱ्यामुळे. ठोसा बहुतेक वेळा लागतच नाही. कॅमेरा अशा कोनात असतो की मधलं अंतर दिसत नाही. मग समोरच्यानं नेमक्या क्षणी मान झटकायची, तोल सोडायचा आणि मागच्या टेबलावर कोसळायचं. त्याची वेळ हुकली तर हिरोचा ठोसा फुसका दिसतो. हा अभिनयच आहे.

‘शोले’त (१९७५) हेमा मालिनीच्या टांग्याच्या थरारात तिच्या जागी स्टंट करणाऱ्या रेश्मा पठाण होत्या. त्यांचा चेहरा दिसू नये हीच कामाची अट. आमच्या नागपुरात सांबा आणि कालिया आजही पोरांना माहीत आहेत, पण मॅक मोहन आणि आपले विजू खोटे ही नावं किती जण घेतील? रेश्माताईंचं तर सोडूनच द्या.

दखल घ्यायला उशीरच झाला. राष्ट्रीय पुरस्कारांत अ‍ॅक्शन दिग्दर्शनाचा पहिला सन्मान २०१७ मध्ये पीटर हेन यांना, ‘पुलीमुरुगन’ या मल्याळम चित्रपटासाठी. ऑस्करनं स्टंट डिझाइनचा पुरस्कार २०२५ मध्ये जाहीर केला, तोही २०२७ च्या चित्रपटांपासून.

आमच्या नागपुरातल्या सदर भागातल्या थिएटरात पुढच्या वेळी बसाल तेव्हा शेवटची नामावली सरकू द्या. स्टंट कलाकारांची नावं तिथेच, बारीक अक्षरांत असतात.