इंग्रजांना चहा लावला कोणी? राणीने की चोरट्यांनी?

बशीवाला
जिच्या लग्नात इंग्रजांना मुंबई आंदण मिळाली, त्या कॅथरीन राणीनेच तिकडे चहा नेला, हा मजकूर दर पावसाळ्यात व्हॉट्सॅपवर फिरतो. लग्न १६६२चं. त्या काळातल्या सॅम्युअल पीप्स या सरकारी अधिकाऱ्याने त्याआधीच लंडनमध्ये चहा पिऊन रोजनिशीत लिहूनही ठेवलंय! माझं मत विचाराल तर सामान्य इंग्रजाला चहा लावला चोरट्यांनी. कर इतका जबर की रात्री किनाऱ्यावर गुपचूप माल उतरायचा. १७४७ साली हॉकहर्स्टच्या टोळीने जप्त झालेला चहा सोडवायला पूल बंदराचं जकातघरच फोडलं. १७८४ मध्ये पंतप्रधान धाकट्या पिटने ११९ टक्क्यांचा कर साडेबारावर आणला, तोवर गिऱ्हाईक तयार होतं.

लिंबूटिंबू
साफ असहमत. पीप्सने एक कप घेतला म्हणून देश चहाबाज होतो का? राणी पिते म्हणून सरदारणी पितात, त्यांचं बघून मोलकरणी. आणि चोरटे खपणाराच माल आणतात. हौस म्हणून कोणी फासावर चढत नाही.

बशीवाला
मोलकरणी प्यायच्या, पण मालकिणीने वापरून टाकलेली पत्ती! तीच वाळवून, रंगवून बाजारात पुन्हा विकली जायची, वर ॲशच्या झाडाचा पाला. राणीचा चहा परवडत होता कोणाला?

अर्धा_कटिंग
तुमच्या भांडणात ईस्ट इंडिया कंपनी सुटली की राव! चीनला चहाचे पैसे चांदीत हवे. ती वाचवायला कंपनीने बंगाल-बिहारात अफू पिकवून घेतली, कलकत्त्यात लिलाव केले आणि अफूबंदी असलेल्या चीनमध्ये ती पोचवायचं काम खासगी व्यापाऱ्यांवर सोडलं. तीही चोरटी आयातच, फक्त किनारा चीनचा. माळव्याची अफू मुंबईतून जायची. जमशेटजी जीजीभॉयांची दौलत वाढली ती याच धंद्यात. आंदणातली मुंबई चहाच्या कामी आली ती अशी. १८३९ला अफूचं युद्ध पेटलं, त्याच वर्षी जानेवारीत लंडनला आसामच्या चहाचा पहिला लिलाव झाला.

लिंबूटिंबू
अफूचं सगळं मान्य. पण ती गेली चहाचं बिल भागवायला. तलफ आधीच लागली होती, ती कोणामुळे?

अर्धा_कटिंग
साखरेमुळे. वेस्ट इंडीजमध्ये गुलामांनी राबून काढलेली साखर नसती, तर ते कडू पाणी मजुराच्या घशाखाली उतरलं असतं का?

बशीवाला
साखरेचं पटलं. राणीचं अजून नाही. पीप्सची नोंद २५ सप्टेंबर १६६०ची आहे, ज्याने त्याने बघून यावं.