सीसीएनएची मुदत संपत आलीय. पुढे सीसीएनपी, एडब्ल्यूएस की सिक्युरिटी प्लस?

तिसरी_पाळी
नमस्कार मंडळी. नेटवर्क ऑपरेशन्समध्ये चार-एक वर्षं झाली. अलार्म बघायचे, लिंक पडली की टिकिट काढायचं, सर्व्हिस प्रोव्हायडरच्या मागे लागायचं आणि जे झेपत नाही ते एल-थ्रीकडे, म्हणजे वरच्या पातळीच्या तज्ज्ञांकडे, सरकवायचं. पाळ्यांचा आता वीट आलाय, काहीतरी वरचं काम हवंय.

सिस्कोचं नेटवर्किंगचं सीसीएनए सर्टिफिकेट आहे, पण तीन वर्षांची मुदत येत्या काही महिन्यांत संपतेय. मॅनेजर म्हणतात त्याच्या वरचं सीसीएनपी कर. क्लाउडमध्ये गेलेला मित्र म्हणतो नेटवर्कचा नाद सोड, एडब्ल्यूएस (ॲमेझॉनचं क्लाउड) कर. टीममधली एक जण सिक्युरिटी प्लस हे सुरक्षेचं सुरुवातीचं सर्टिफिकेट करून एसओसीत, म्हणजे सायबर हल्ल्यांवर पाळत ठेवणाऱ्या टीममध्ये, चाललीय. मला स्वतःला सीआयएसएसपी हे सुरक्षेतलं वरचं सर्टिफिकेट खुणावतंय. कंपनी फी एकाच परीक्षेची देणार, तीही पास झाल्यावर. लॅबसाठी जुना लॅपटॉप आहे, रॅम जेमतेम. काय करू?

ढगात_घर
डोळे झाकून एडब्ल्यूएस. सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट घ्या. ६५ प्रश्न, १३० मिनिटं, सगळे बहुपर्यायी, १००० पैकी ७२० ला पास. नोकरीच्या जाहिराती उघडून बघा, आणखी काही सांगायला नको.

पॅकेट_कुठे_गेलं
डोळे झाकून कशाला, उघडे ठेवूनच घ्या.

आधी एक काम करा. एल-थ्रीकडे सरकवलेल्या टिकिटांची मागच्या काही महिन्यांची यादी काढा आणि तुमचं घोडं नेमकं कुठे अडतं ते बघा. ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत) नेबर जोडणी पूर्ण न होता एक्सस्टार्टमध्ये लटकलाय, पिंग मात्र मजेत जातंय, शेवटी निघतं काय तर दोन्हीकडचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) जुळत नाही. असल्या टिकिटांवर अडत असाल तर क्लाउडचं सर्टिफिकेट घेऊनही तिथेच अडाल.

मी मुलाखती घेतो, म्हणून सांगतो. माझा ठरलेला प्रश्न आहे: प्रायव्हेट सबनेटमधल्या (इंटरनेटशी थेट न जोडलेल्या भागातल्या) सर्व्हरला बाहेरून अपडेट उतरवता येत नाहीयेत, कुठून सुरुवात कराल? पाठांतरवाला म्हणतो, नॅट गेटवे (आतल्या सर्व्हरांना बाहेर नेणारी वाट) लावू. लावलेलाच आहे म्हटलं की गप्प. नेटवर्कमध्ये हात काळे केलेला माणूस पॅकेटच्या मागे चालत जातो. सर्व्हरच्या सबनेटचा डीफॉल्ट रूट नॅटकडे आहे का? नॅट गेटवे स्वतः पब्लिक सबनेटमध्ये बसलाय का, की चुकून प्रायव्हेटमध्येच? त्या पब्लिक सबनेटचा रूट इंटरनेट गेटवेकडे जातो का? मग नेटवर्क एसीएल, म्हणजे सबनेटच्या दारावरची नियमांची यादी. ती स्टेटलेस, आधीचं पॅकेट लक्षात न ठेवणारी, त्यामुळे जाणारं पॅकेट सोडलं तरी वरच्या पोर्टांवर परत येणारं अडवू शकते. सर्व्हरवरचा सिक्युरिटी ग्रुप स्टेटफुल, लक्षात ठेवणारा, तिथे ही भानगड नाही. एवढं ज्याला सांगता येतं त्याला मी सर्टिफिकेट न बघता पुढच्या फेरीला पाठवतो. हे बळ तुमच्याकडे अर्धं आहेच, नाद सोडायचा कशाला?

सीआयएसएसपी आत्ता नको. तिच्या आठ विषयक्षेत्रांपैकी किमान दोनांत मिळून पाच वर्षांचा अनुभव लागतो, पदवीवर वगैरे फार तर एक वर्ष सुटतं. आधी परीक्षा देऊन असोसिएट म्हणून थांबता येतं, पण तुमची आजची अडचण त्याने सुटत नाही. सिक्युरिटी प्लस चांगली आहे, पण पाळ्यांना कंटाळून एसओसीत जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. रात्रपाळी तिथेही असते हो.

माझं मत: सीसीएनपी एंटरप्राइझची कोअर परीक्षा, ३५०-४०१. ती पास झालात की सीसीएनए आपोआप पुढच्या तीन वर्षांसाठी नवं होतं. एका फीत दोन कामं.

रूट_नाही_सापडला
थोडा वेगळा सूर लावतो. कोअरचा अभ्यासक्रम अवाढव्य आहे. व्हर्च्युअलायझेशन, ऑटोमेशन, पायथन, एसडी-ॲक्सेस, सगळंच थोडं थोडं. पाळ्या सांभाळून काही महिन्यांत तो उरकणं जड जाईल आणि पास नाही झालात तर फीही खिशातूनच. सीसीएनए वाचवायचं एवढंच असेल तर ३० सीई (सतत शिक्षणाची) क्रेडिट जमवूनही भागतं.

आणि कुठलंही घ्या, डंप, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, नका वाचू. नियमात बसत नाही हे तर आहेच, शिवाय मुलाखतीत पाचव्या मिनिटाला उघडं पडतं.

तिसरी_पाळी
यादी काढली. मला वाटलं होतं ओएसपीएफ आणि स्विचिंगच जास्त असेल. निघालं भलतंच. निम्म्याहून जास्त टिकिटं "टनेल अप, ट्रॅफिक नाही" या जातीची. शाखेकडून क्लाउडपर्यंत दोन टनेल (इंटरनेटवरून जाणाऱ्या सुरक्षित जोडण्या), वर रस्ते ठरवणारं बीजीपी. एका टनेलमधून जातं, दुसऱ्यातून परत येतं आणि मधली फायरवॉल ते टाकून देते. एल-थ्रीवाले एएस-पाथ प्रीपेंड, लोकल प्रेफरन्स असं काहीतरी लावतात आणि दहा मिनिटांत टिकिट बंद. मी बघत बसते.

पॅकेट_कुठे_गेलं
मग कोअर नंतर. एनार्सी घ्या, ३००-४१०, सीसीएनपीचीच राउटिंगची परीक्षा. सीसीएनपीला कोअर आणि एक कॉन्सन्ट्रेशन (ठरावीक विषयाची) अशा दोन परीक्षा लागतात, पण कुठली आधी द्यायची याला बंधन नाही. एनार्सी पास झालात तरी सीसीएनए नवं होतंच. ९० मिनिटांची आहे, अभ्यासक्रम कोअरपेक्षा आटोपशीर, आणि बीजीपी बिघडल्यावर शोधायचं कसं हा त्यातला महत्त्वाचा भाग. म्हणजे तुमची रोजचीच टिकिटं. अभ्यास म्हणून एल-थ्रीवाल्यांनी बंद केलेली जुनी टिकिटं उघडून ते काय टाइप करतात ते वाचा, तसलं पुस्तक बाजारात मिळत नाही.

लॅपटॉपची काळजी नको. लिनक्सवर कंटेनरमध्ये एफआरआर (फुकटचं राउटर सॉफ्टवेअर) चालवा, कमी रॅममध्येही चार-पाच राउटर उभे राहतात. कमांड सिस्कोच्या जवळपासच आहेत. पहिल्याच दिवशी दोन टनेल उभे करा, येण्या-जाण्याचा रस्ता मुद्दाम वेगवेगळा ठेवा आणि मग तो एका टनेलवर आणून दाखवा.

तिसरी_पाळी
हे पटलं. रविवारी सुट्टी आहे, बसते. प्रीपेंड आणि लोकल प्रेफरन्स दोन्ही लागतात का? एल-थ्रीवाले कधी हे लावतात, कधी ते.

पॅकेट_कुठे_गेलं
लोकल प्रेफरन्सने तुमच्याकडून बाहेर जाणारा रस्ता ठरतो. प्रीपेंडने समोरच्याला तुमच्याकडे येणारा रस्ता लांबचा भासवता, तो ऐकेलच असं नाही. दोन्ही दिशा एकाच टनेलवर हव्या असतील तर दोन्ही लावा. रविवारी एकेक काढून बघा, ट्रेसराउट (पॅकेटचा रस्ता दाखवणारी कमांड) दोन्ही टोकांकडून घ्या.