प्रतिसाद: लोरा मॉड्यूल आज्ञा घेत नाही

देवगडच्या बागेतलं आरवायएलआर९९८ (लोरा म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओनं माहिती पाठवणारं मॉड्यूल) प्रत्येक आज्ञेला ‘+ईआरआर=१’ हा चुकीचा संदेश देतंय, काय करावं, असा प्रश्न आलाय. मॉड्यूल ठीक आहे. आज्ञेची ओळ संपली हे कळायला त्याला शेवटी सीआर आणि एलएफ ही दोन्ही न दिसणारी ओळ-समाप्तीची चिन्हं लागतात. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या संगणकावरच्या खिडकीत) ती निवडा, वेग ११५२०० बॉड ठेवा. वीज ३.३ व्होल्टच. आर्डुइनो ऊनो बोर्डाची टीएक्स (माहिती पाठवणारी) पिन ५ व्होल्टची असते, ती थेट जोडू नका, मध्ये व्होल्टेज कमी करणारा दोन रेझिस्टरचा डिव्हायडर घाला.

मॉड्यूल मुळात ९१५ मेगाहर्ट्झवर येतं. भारतात लोरासाठीचा विनापरवाना पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. म्हणून पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही मॉड्यूलना ‘एटी+बँड=८६६००००००’ ही आज्ञा द्या. नेटवर्कआयडी (नेटवर्कचा क्रमांक) आणि पॅरामीटर (रेडिओच्या सेटिंग) हेही दोन्हीकडे तंतोतंत सारखे हवेत, नाहीतर ‘+ओके’ येऊनही पलीकडे काही पोहोचत नाही. अँटेना मॉड्यूलवरच आहे आणि पत्रा रेडिओलहरी अडवतो, तेव्हा मॉड्यूल ठेवायला पत्र्याचा डबा नकोच. प्लॅस्टिकचा घ्या, वायर खालून आत न्या. खारी हवा पिना लवकर खाते.