नाशिकमध्ये डॉक्टरी, नर्सिंग, फिजिओ शिकताय? कसं वाटतंय ते लिहा

राज्यभरातल्या डॉक्टर-नर्सच्या डिग्र्या आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या. पण शिकणाऱ्याला तिथवर पोचताना कसं वाटतं? आमच्या बॅचकडून 'ड्रीम' प्रश्नावली भरून घेतली, कॉलेजातलं शिकण्याचं वातावरण कसं वाटतं ते मोजणारी. १९९७ ची, स्कॉटलंडमधल्या डंडीची. ५० विधानं, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण २००. आकडा टाकून झाला, पण तो का टाकला ते लिहायला जागाच नव्हती. ते इथं लिहा. कॉलेजची, सर-मॅडमची नावं नकोत.

बीएस्सी नर्सिंग, चौथं वर्ष
वॉर्डात आम्ही म्हणजे जादा हात. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्या, बेड लावा, रिपोर्ट आणा. शिकवणं जमलं तर. राऊंडला आम्ही भिंतीला टेकून. एकदा सुरगाण्याकडची एक आजी नुसती मान हलवत होती. डॉक्टरांना वाटलं, कळतंय तिला. मी कळवणची, घरी आम्ही कोकणा बोलीच बोलतो, आजीचीही तीच. विचारलं तर आजी गोळ्या घेतच नव्हती, उपाशीपोटी मळमळतं म्हणून. तेव्हापासून त्या युनिटच्या मॅडम राऊंडला मला पुढे बोलावतात, 'तुला काय वाटतं?' असंही विचारतात. त्या पोस्टिंगमध्ये मी जेवढं वाचलं तेवढं अख्ख्या वर्षात नाही. दुसऱ्या वॉर्डात गेले की पुन्हा 'ए सिस्टर, इकडे ये'.

एमबीबीएस, थर्ड इयर
'शिक्षक विद्यार्थ्यांची खिल्ली उडवतात' असं एक विधान त्यात आहे, त्याचे गुण उलटे मोजतात, 'सहमत' म्हटलं की कमी. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिथं 'सहमत' टाकलं आणि 'शिक्षकांना विषयाचं ज्ञान आहे' याला पूर्ण ४. दोन्ही खरं आहे, एकाच सरांबद्दल! २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात पेशंटशी, नातेवाइकांशी कसं बोलावं हे पहिल्या वर्षापासून शिकवतात. ते शिकवणारेच बेडसाइडला पेशंटदेखत 'कुणी पास केलं रे तुला?' म्हणतात. लॉगबुकवर सह्या मात्र वेळेत हव्यात.

जुना डॉक्टर, पंचवटी
आम्हीही शिव्या खाल्ल्या. म्हणून तर घडलो.

धागाकर्ती
काका, घडले तेच इथं लिहिणार. मध्येच सोडून गेलेले कुठून येतील?

बीपीटी (फिजिओ), इंटर्न
नातेवाईक विचारतात, 'म्हणजे मालिशच ना?' सवय झाली. ऑर्थोच्या (हाडांच्या विभागाच्या) राऊंडला आम्हाला बोलावतच नाहीत, नंतर चिठ्ठी येते: 'गुडघा वाकवून घ्या'. किती, कधीपासून, काही नाही. आमच्या मॅडम मात्र फाइल घेऊन स्वतः जातात आणि सर्जनना विचारून येतात. आता मीही जाते. पहिल्यांदा हाकललं, दुसऱ्यांदा एक्स-रे दाखवला.

बीएएमएस, दुसरं वर्ष
'राहण्याची जागा छान आहे' असंही एक विधान आहे म्हणे त्यात. आमच्या हॉस्टेलवर आधी पाणी येऊ दे, मग भरतो.